'हीरोज क्वेस्ट' पुन्हा खेळायचा असेल तर

प्रश्न: "१९९२-९३ च्या सुमाराला काकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शनिवारी दुपारी 'हीरोज क्वेस्ट' नावाचा गेम खेळायचो. वीर व्हायला निघालेला एक तरुण, बर्फाने खिंड बंद झालेलं खोरं, कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटपर्यंत मात्र कधीच पोचलो नाही. आता चाळिशी उलटली. पुन्हा खेळावासा वाटतो, पण हिरमोड होईल अशी धास्तीही वाटते. शोधला तर त्या नावाने धड सापडत नाही. कुठली आवृत्ती घ्यावी, कशी चालवावी? अकरा वर्षांच्या मुलीला दाखवला तर तिला आवडेल का? आणि त्या काळात इतके गेम खेळलो, मग याचीच एवढी हुरहूर का?"

उत्तर:

नावापासून सुरुवात करते, कारण तुमची शोधाशोध तिथेच अडली आहे. तुम्ही खेळलात तो गेम १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्ट गावच्या सिएरा ऑन-लाइन कंपनीने काढला. लोरी अ‍ॅन कोल आणि कोरी कोल या नवराबायकोंनी तो रचला. पूर्ण नाव 'हीरोज क्वेस्ट: सो यू वॉन्ट टु बी अ हीरो'. त्याच सुमाराला मिल्टन ब्रॅडली कंपनीचा 'हीरोक्वेस्ट' नावाचा पटावरचा खेळ आला, नावाच्या हक्काची भानगड निघाली आणि सिएराला ते नाव सोडावं लागलं. तेव्हापासून पहिल्या भागासकट सगळी मालिका 'क्वेस्ट फॉर ग्लोरी' या नावाने विकली जाते. तुमच्या काकांकडे जुन्या नावाची फ्लॉपी आली होती, एवढंच. आता नव्या नावाने शोधा, लगेच सापडेल.

पुन्हा खेळावा का? जरूर खेळा. मात्र कुठली आवृत्ती निवडता आणि कसा खेळता यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते ठरवण्यासाठी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागेल. नेमकं काय हरवलंय हे कळलं, की ते कुठे शोधायचं तेही कळतं.

वयाचं कारण सगळेच देतात. माणसाला पुढे आयुष्यभर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रात नीट अभ्यासलं गेलंय आणि ते खरंही आहे. पण त्याच वयात तुम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असणार, 'डेंजरस डेव्ह' खेळला असणार. तेव्हा ज्या घरात किंवा ऑफिसात कॉम्प्युटर होता तिथे हे दोन्ही असायचेच. त्यांची आठवण निघाली की आपण हसतो, दोन किस्से सांगतो आणि विषय बदलतो. 'हीरोज क्वेस्ट'चं तसं होत नाही. मी गेली बरीच वर्षं गेम डिझाइनचं काम करते आणि या गेमबद्दल हळवे होणारे लोक मला सतत भेटतात. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते. ते गेमची गोष्ट सांगत नाहीत, स्वतः काय केलं ते सांगतात. "मी रात्री गावाची भिंत चढून आत गेलो होतो," असं. तुमच्या हुरहुरीचं मूळ या वाक्यात आहे. तो खेळ तुमच्या करण्याची दखल घ्यायचा, आणि त्या काळात तसं करणारे खेळ फार थोडे होते.

त्या वेळी कॉम्प्युटरवरच्या मोठ्या खेळांचे ढोबळमानाने दोन पंथ होते. एक अ‍ॅडव्हेंचर. सिएराचीच 'किंग्ज क्वेस्ट' मालिका १९८४ पासून त्यात आघाडीवर होती. चित्रं सुंदर, गोष्ट रंगतदार, पण बहुतेक कोड्यांना एकच उत्तर. रचणाऱ्याच्या मनात जे होतं ते तुम्हाला सुचलं तर पुढे जाल, नाही सुचलं तर बसा. दुसरा रोल-प्लेइंग. त्यात तुमच्या पात्राची ताकद, चपळाई, नशीब हे सगळं आकड्यांत मांडलेलं, लढाया भरपूर, आणि बाकीचं जग बरंचसं बिनचेहऱ्याचं. कोल दांपत्याने या दोहोंचं लग्न लावलं. जग पहिल्या पंथाचं, पात्र दुसऱ्या पंथाचं. ऐकायला ही साधी जोडणी वाटते, पण तिच्यामुळे प्रत्येक कोड्याला एकापेक्षा जास्त वाटा देणं भाग पडलं, कारण समोर बसलेला खेळाडू फायटर आहे, जादूगार आहे की चोर, हे रचणाऱ्याला आधी माहीतच नव्हतं.

हे कसं चालतं ते बघायला वैद्यबाईंची अंगठी पुरेशी आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या डिझायनरांना मी हा प्रसंग खेळायला लावते. जंगलात एक वैद्यबाई राहतात, औषधं विकतात. त्यांची अंगठी हरवलीय आणि शोधून देणाऱ्याला बक्षीस आहे. घराबाहेरच्या झाडावर एक घरटं दिसतं. चोर असाल तर झाडावर चढा, पण चढण्याचं कसब कमी असेल तर घसराल आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागेल. फायटर असाल तर जमिनीवरचे दगड उचला आणि नेम धरून मारा. नेम चुकत राहील, चुकता चुकता सुधारेल आणि कधीतरी घरटं खाली येईल. जादूगाराला 'फेच' मंत्र येत असेल तर तो खालूनच घरटं ओढून घेतो. अंगठी तीच, बक्षीस तेच. पण तीन वेगवेगळ्या मुलांना आपापल्या शाळेत सांगायला तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळाल्या. त्यातही तुम्ही सुरुवातीला पात्र बनवताना जास्तीचे गुण खर्चून फायटरला चढायला शिकवलं असेल, तर चौथीच गोष्ट.

दगड मारता मारता नेम सुधारतो म्हणाले, ते या गेमचं दुसरं मर्म. त्या काळच्या बहुतेक रोल-प्लेइंग खेळांत राक्षस मारले की गुण जमायचे आणि पुरेसे जमले की एकदम वरची पायरी मिळायची. इथे जे कराल तेच वाढतं. झाडावर चढलात की चढणं वाढतं, दबकत चाललात की दबकणं वाढतं. सरदाराच्या गढीत जाऊन तबेला साफ केलात तर थोडी चांदीची नाणी मिळतात आणि अंगातली ताकदही वाढते. वीर व्हायला निघालेल्या माणसाला पहिली नोकरी शेण काढायची! कोल मंडळींची विनोदबुद्धी अशीच आहे आणि ती अख्ख्या खेळात झिरपलेली आहे. चोराकडे कुलूप उघडायची तार असते. 'पिक नोज' असं टाइप करून पाहा. हात बसलेला नसेल तर तार थेट मेंदूत जाऊन खेळ खल्लास. बसलेला असेल तर नाकही साफ होतं आणि कुलूप उघडण्याचं कसबही वाढतं. हे कुठल्या तरी पोराला सुचेल असं धरून कुणीतरी बसून लिहिलं होतं, चालवून तपासलं होतं, आणि त्या काळात मोजकी जागा असणाऱ्या फ्लॉपीवर त्यासाठी जागा राखली होती. वयाच्या अकराव्या वर्षी तुम्हाला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं नक्की असेल: पलीकडे कोणीतरी आहे, आणि आपण काय आगाऊपणा करू याचा त्याने आधीच विचार करून ठेवलाय.

हे योगायोगाने झालेलं नाही. लोरी आणि कोरी दोघंही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' धर्तीचे, टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ खेळवणारे. त्या खेळात एक जण सूत्रधार असतो. खेळणाऱ्याने काहीही करायचं ठरवलं तरी "असं चालत नाही" म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. परिणाम सांगावा लागतो. दार उघडत नसेल तर कोणी लाथ मारेल, कोणी कुलूप खोलेल, कोणी खिडकी शोधेल, आणि सूत्रधाराला तिघांनाही उत्तर द्यायचं असतं. कोल दांपत्याने हा सूत्रधार जमेल तितका प्रोग्रॅममध्ये बसवला. मला विचाराल तर या मालिकेचं सगळं मोठेपण एवढ्यातच आहे. गोष्ट तशी जुन्या परीकथांच्या वळणाची आहे. बाबा यागा ही चेटकीणही त्यांनी घडवलेली नाही. कोंबडीच्या पायांवरच्या झोपडीसकट ती थेट स्लाव लोककथांतून आली आहे.

आणि वेळ. त्या खेळात दिवस मावळायचा. संध्याकाळ झाली की दुकानं बंद, रात्री गावाचा दरवाजा बंद. जवळची शिदोरी संपली की भूक लागायची, पळापळ केली की दम लागायचा. रात्री जंगलात अडकलात तर एरानाज पीस नावाच्या फुलांच्या माळावर निवांत झोपता यायचं, नाहीतर जागा मिळेल तिथे पडून काय होईल ते भोगायचं. गावाबाहेर राहिलेल्या चोराला मात्र भिंत चढून आत जाता यायचं आणि रात्रीचं गाव त्याच्यासाठी वेगळंच असायचं. मघाशी म्हटलेलं वाक्य तिथूनच आलंय. आपण नसतानाही तिथे काहीतरी चालू असणार, असा भास या घड्याळामुळे व्हायचा. शनिवारी दुपारी मशीन बंद करून घरी गेल्यावर आठवडाभर ते गाव तुमच्या डोक्यात चालू राहिलं असेल तर नवल नाही.

आता आवृत्तीकडे. पहिल्या भागाच्या दोन अधिकृत आवृत्त्या आहेत. १९८९ ची मूळ, सोळा रंगांची, टाइप करून खेळायची. आणि १९९२ चा रीमेक, २५६ रंगांचा, माउसने खेळायचा. रीमेक देखणा आहे. राक्षस आणि माणसांचे चेहरे मातीचे पुतळे करून, त्यांचे फोटो घेऊन बनवले होते, आणि त्या काळच्या मानाने ते काम थक्क करणारं आहे. तरीही तुम्ही मूळच घ्या. फक्त आठवणीशी जुळावं म्हणून हे सांगत नाही, खेळ म्हणूनही मला मूळ आवृत्ती सरस वाटते.

कारण टाइप करणं. मूळ आवृत्तीत दुकानदाराशी बोलायचं तर 'आस्क अबाउट' लिहून पुढे विषय तुम्ही ठरवायचा. चेटकिणीबद्दल विचारा, दरोडेखोरांबद्दल विचारा, हवामानाबद्दल विचारा. उत्तर मिळेल की नाही माहीत नाही, आणि काय काय विचारता येतं याची यादी कुठेच नाही. रीमेकमध्ये त्याच दुकानदारासमोर प्रश्नांची यादी उघडते. वरपासून खालपर्यंत क्लिक करत गेलं की दुकानदार संपला. पहिल्यात तो माणूस किती खोल आहे ते कळत नाही, दुसऱ्यात तळ दिसतो. तुम्हाला जे प्रचंड मोठं जग आठवतंय ते बरंचसं या न दिसणाऱ्या तळामुळे. मराठी शाळेत शिकणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना तर आणखी एक गंमत होती: आपलं इंग्रजी जेवढं, तेवढं ते जग उघडायचं. शेजारी डिक्शनरी घेऊन खेळणारे मी पाहिलेत. स्पेलिंग चुकलं की खेळ थांबायचा, आणि परीक्षेत चुकलेल्या स्पेलिंगपेक्षा ते जास्त झोंबायचं.

चालवायचं कसं, तर यात आता काही अवघड राहिलेलं नाही. जीओजी या विक्रेत्याकडे पाचही भागांचा संच मिळतो आणि त्यात पहिल्याच्या दोन्ही आवृत्त्या असतात. त्याबरोबर येणारं डॉसबॉक्स, म्हणजे जुने गेम आजच्या यंत्रावर चालवणारं सॉफ्टवेअर, वापरून गेम चालतो, पण मी त्याच कामाचं स्कमव्हीएम घ्यायला सांगेन. ते फुकट आहे, पहिले चारही भाग चालवतं, आणि जुन्या गेमचा वेगही ठिकाणावर ठेवतं. आजच्या यंत्रावर जुन्या खेळांची हाणामारी कधी कधी इतकी जलद होते की बटण दाबेपर्यंत तुमचा वीर मेलेला असतो; तो त्रास वाचतो. गेमचं फोल्डर दाखवलंत की कुठला गेम, कुठली आवृत्ती, ते आपणच ओळखतं.

त्यानंतर तीन सेटिंग्ज बघा, कारण हिरमोडाची निम्मी कारणं इथेच असतात. पहिलं, आस्पेक्ट रेशो करेक्शन चालू करा. त्या काळचं चित्र आडवं ३२० आणि उभं २०० ठिपक्यांचं असायचं, पण ते ४:३ आकाराच्या पडद्यावर ताणून बसवलेलं असायचं, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच दिसायचा. चित्रकारांनी तेच गृहीत धरून चित्रं काढली. आजच्या पडद्यावर चौकोनी ठिपक्यांनी दाखवलं की सगळी माणसं बुटकी आणि गोल दिसतात, आणि "हा तो गेम नाही" असं वाटतं. खरंच तो नसतो. दुसरं, रंगांचं. सोळाच रंग असल्यामुळे मधल्या छटा दाखवायला दोन रंगांचे ठिपके एकाआड एक मांडायचे. काकांच्या ऑफिसातल्या फुगीर काचेच्या मॉनिटरवर ते एकमेकांत मिसळून संध्याकाळचं आभाळ व्हायचं. आजच्या धारदार पडद्यावर तेच आभाळ बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. स्कमव्हीएममध्ये ते ठिपके मिसळून दाखवायची सोय आहे, ईजीए अनडिदरिंग नावाने. चालू करून बघा, बंद करून बघा, डोळ्याला पटेल ते ठेवा.

तिसरं आवाजाचं, आणि इथे माझं मत जरा उलटं आहे. मार्क सायबर्ट यांनी दिलेलं या खेळाचं संगीत रोलँड कंपनीच्या एमटी-३२ या महागड्या यंत्रावर फार सुंदर वाजायचं, आणि आज ते ऐकायची सोय करता येते. जाणकार तेच सुचवतील. पण तुम्ही ते तेव्हा ऐकलेलं असण्याची शक्यता जवळपास शून्य. आपल्याकडच्या ऑफिसांतल्या मशीनमध्ये साउंड कार्डसुद्धा क्वचित असायचं. कॅबिनेटच्या आतला तो पीसी स्पीकर पीं-पीं करायचा, आणि ऑफिस असेल तर तोही बंद ठेवायला सांगायचे. पहिल्या दिवशी पीसी स्पीकरवर खेळा. गावात शिरतानाची ती कर्कश धून ऐकल्यावर जे होईल ते होऊ द्या. मग खुशाल चांगला आवाज लावा.

सेव्ह करायला एफ-५, सेव्ह केलेलं उघडायला एफ-७. सढळ हाताने वापरा. खाणावळीत 'ड्रॅगन्स ब्रेथ' नावाचं पेय मागवण्याआधी तर नक्कीच.

आता हिरमोडाबद्दल सरळ बोलते. काही गोष्टी लहान दिसणार आहेत. जंगल तर फारच लहान. ते म्हणजे मोजकीच चित्रं आलटून पालटून वापरलेली आहेत. तेव्हा वाट चुकायची म्हणून ते अफाट वाटायचं. लढाई कंटाळवाणी वाटेल. ती माझ्या मते तेव्हाही फार चांगली नव्हती. सर्वांत जास्त त्रास होईल तो कसब वाढवण्याच्या कंटाळ्याचा: तोच दगड, तेच झाड, पुन्हा पुन्हा. तेव्हा आपल्याकडे दुपारच्या दुपारी होत्या. आता तसं करू नका. सगळे आकडे शंभरावर न्यायची जिद्द सोडा. मध्यम कसबाच्या माणसालाही हा खेळ शेवटपर्यंत नेतो, आणि नेम चुकणारा वीर जास्त मजेशीर असतो.

उलट काही गोष्टी मोठ्या दिसतील, ज्या तेव्हा नजरेतून सुटल्या होत्या. संवाद वाचा, घाई करू नका. झुडपं, पाट्या, भिंती, सगळ्यावर 'लुक' टाइप करा. कुठलीही मार्गदर्शिका उघडू नका. तुम्ही म्हणता शेवटपर्यंत पोचला नव्हता, म्हणून मी शेवटाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तीस वर्षं राखून ठेवलेली गोष्ट इथे फोडणं बरं नव्हे. अडलात तर झोपा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या माणसाला वेगळं काहीतरी विचारा. सिएराच्या त्या काळच्या इतर खेळांत एखादी वस्तू घ्यायची राहिली तर तासन्‌तास पुढे गेल्यावर कळायचं की आता काही इलाज नाही. कोल मंडळींनी हा छळ बऱ्याच अंशी टाळलाय. पहिल्या भागात दिवसांची मर्यादाही नाही.

आणि एक करा. लहानपणी फायटर, जादूगार, चोर यांतलं जे पात्र घेऊन खेळला होता, ते या वेळी घेऊ नका. बहुतेक मुलगे फायटर घ्यायचे. तसं असेल तर आता चोर घ्या. तेच गाव, त्याच गल्ल्या, पण कोणाच्या घरात रात्री म्हातारी एकटी झोपलेली असते हे तुम्हाला पहिल्यांदा दिसेल. फायटर घेऊन गेलात तर पावलापावलावर आठवणीशी ताडून बघत राहाल. चोराची गोष्ट तुम्हाला ठाऊकच नाही, म्हणजे ताडून बघायला काही उरत नाही, आणि अकराव्या वर्षी जसं चाचपडत खेळला होतात तसंच खेळावं लागेल.

मुलीचं काय? दाखवा, पण "बघ, आमच्या वेळी कसलं भारी होतं" हा सूर लावू नका. पोरांना तो चटकन कळतो आणि ती तिथेच मिटतात. तिला तुमच्या शेजारी बसवा आणि की-बोर्ड तिच्याकडे द्या. काय टाइप करायचं ते तिने ठरवावं. आजच्या खेळांत पुढे काय करायचं ते बाण दाखवतो, इथे कोणीच काही सांगत नाही, आणि सुरुवातीच्या अर्ध्या तासात ती "मग आता काय करू?" असं नक्की विचारेल. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणा. नाकाची गंमत मात्र योग्य वेळी सुचवायला हरकत नाही. ती चालली की मूल तुमचं झालं.

एक उणीव आधीच सांगून ठेवा, कारण ती विचारणारच: वीर कायम सोनेरी केसांचा पुरुष असतो, मुलगी निवडता येत नाही. पाचही भागांत तेच आहे. एका बाईने अर्धा खेळ रचलेला असूनही हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. तिला त्यावरून खेळ नकोसा झाला तर आग्रह करू नका. 'हीरोइन्स क्वेस्ट' द्या. क्रिस्टल शार्ड या हौशी मंडळींच्या गटाने २०१३ मध्ये तो फुकट दिला. रचना पूर्णपणे या मालिकेच्या वळणाची, जग नॉर्स पुराणकथांचं आणि नायिका मुलगी. भक्तांनी केलेल्या गेमांत इतकं नीटस काम विरळा. खुद्द कोल दांपत्यानेही २०१२ मध्ये लोकवर्गणी गोळा करून 'हीरो-यू: रोग टु रिडेम्प्शन' नावाचा गेम सुरू केला, तो २०१८ मध्ये आला. चांगला आहे, पण तो दुसऱ्याच कामाचा. तुमची तहान त्याने भागणार नाही.

पहिला भाग संपला की खेळ तुमचं पात्र डिस्कवर साठवून ठेवायचं विचारेल. 'हो' म्हणा आणि ती फाइल जपून ठेवा, तिची एक प्रत दुसरीकडेही टाका. तेच पात्र, वाढवलेल्या कसबासकट, पुढच्या भागात नेता येतं. १९९० चा दुसरा भाग, 'ट्रायल बाय फायर', अरबी कथांच्या धाटणीच्या शापीर शहरात घडतो. त्याच्या गल्ल्यांचं जाळं मुद्दाम भूलभुलैयासारखं केलंय आणि नकाशा गेमच्या खोक्यात छापून दिलेला होता. आपल्याकडे खोकं कोणाकडे होतं! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरलेली प्रत असायची, त्यामुळे सराफ शोधता शोधताच अनेकांचा खेळ संपला. आता संचाबरोबर पुस्तिकांच्या पीडीएफ मिळतात, नकाशा छापून शेजारी ठेवा. याही भागात टाइपच करायचं आहे. हौशी मंडळींच्या एजीडी इंटरअ‍ॅक्टिव्ह या गटाने २००८ मध्ये त्याचा २५६ रंगांचा रीमेक फुकट दिला, तोही अप्रतिम आहे आणि इथे मात्र मी दोन्हींतला कुठलाही घ्या म्हणेन. या भागात घटना ठरलेल्या दिवशी घडतात, म्हणून पहिल्यासारखं रमतगमत खेळून चालणार नाही. सचोटीने वागलात, तर शेवटी तुमच्या पात्राला पॅलादिन, म्हणजे सत्त्वशील योद्धा, ही पदवी मिळू शकते. सुरुवातीच्या पडद्यावर ती निवडता येत नाही, कमवावी लागते.

तिसरा भाग, १९९२ चा 'वेजेस ऑफ वॉर', आफ्रिकेच्या धर्तीच्या देशात. मूळ आराखड्यात तो नव्हता. पुढचा अंधारा भाग पेलायला वीर अजून तयार नाही असं रचणाऱ्यांना वाटलं म्हणून मध्ये घातला. तो थोडा पातळ आहे, लवकर उरकतो. चौथा, 'शॅडोज ऑफ डार्कनेस', माझ्या मते मालिकेचं शिखर. मोर्दाविया नावाचं दबलेलं, संशयी गाव आणि हळूहळू तुमच्यावर विश्वास ठेवू लागणारी तिथली माणसं. १९९३ च्या शेवटी तो घाईने बाजारात आणला गेला आणि दोषांनी भरलेला होता. दलदलीत 'एरर ५२' येऊन खेळ कोसळायचा हे त्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तो सीडीच्या आवृत्तीतच घ्या, ज्यात जॉन ऱ्हिस-डेव्हिस यांचं निवेदन आहे, आणि स्कमव्हीएमवरच चालवा, कारण त्या लोकांनी मूळचे कितीतरी दोष दुरुस्त केलेत. मुलीला हा भाग दोन-तीन वर्षांनी द्या. त्यात मृत्यू आणि एकटेपणा बराच आहे. पाचवा, 'ड्रॅगन फायर', १९९८ मध्ये आला, तो विंडोजवर वेगळा चालवावा लागतो आणि त्याची चाल बाकीच्यांपेक्षा निराळी आहे. चौथ्यापर्यंत पोचलात तर त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवाल.